दम खात पाहायचं शहर : क्विटो

क्विटोचा विमानतळ क्विटोत नाही. इक्वेडोरच्या या राजधानीच्या पूर्वेला, खोल दऱ्यांच्या पलीकडे ताबाबेला नावाचा सपाट माळ आहे, तिथे तो आहे. पट्ट्यावरून आपली बॅग यायची वाट पाहताना आपण कुठल्या जमिनीवर उभे आहोत हे ठाऊक असेल, तर इथल्या मुक्कामाची सुरुवातच वेगळी होते. १७३६ साली याच माळावर काही फ्रेंच विद्वान आणि त्यांचे स्थानिक मजूर लाकडी दांड्या टोकाला टोक लावत जमीन मोजत होते. साधारण बारा किलोमीटर लांबीची एक सरळ रेषा त्यांना हवी होती. दिवसा ऊन भाजत होतं, रात्री गारठा हाडात शिरत होता, आणि ओढ्या-घळींनी भरलेल्या त्या माळावर दांडी जरा तिरकी झाली तरी पुढची सगळी गणितं चुकणार होती.

त्यांना पृथ्वीचा आकार ठरवायचा होता. फिरणारी पृथ्वी मध्यावर फुगलेली आणि ध्रुवांपाशी चपटी असणार, असं न्यूटनचं म्हणणं होतं. पॅरिसमधले कासिनी आणि त्यांच्या बाजूचे लोक नेमकं उलटं मानत होते. वाद मिटवायचा तर विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश किती लांब भरतो आणि उत्तरेकडे किती, हे प्रत्यक्ष मोजणं भाग होतं. एक तुकडी लॅपलँडला गेली. गोदँ, बुगे आणि ला कोंदामीन यांची दुसरी तुकडी क्विटोला आली. त्यांच्याबरोबर होर्हे हुआन आणि उल्लोआ हे दोन तरुण स्पॅनिश नौदल अधिकारी होते, आणि पुढे याच मुलखातला पेद्रो व्हिसेंते माल्दोनादो हा विद्वानही त्यांना येऊन मिळाला. ताबाबेलाच्या माळावरच्या त्या पायारेषेपासून डोंगरामागून डोंगर धरत त्यांनी दक्षिणेला कुएंकापर्यंत त्रिकोणांची साखळी नेली. काम वर्षानुवर्षं चाललं. मध्येच बातमी आली की लॅपलँडची तुकडी केव्हाच परतली, तिची मोजणी जाहीर झाली आणि न्यूटन बरोबर ठरला. तरी यांनी मोजणी सोडली नाही. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. उत्तर कळल्यानंतरही आपलं माप पुरं करणाऱ्या माणसांच्या माळावर आपलं विमान उतरतं. एखाद्या परिषदेसाठी क्विटोला येणाऱ्याने हे मनात ठेवून शहराकडे निघावं.

विमानतळ सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून गाडी दरीत उतरते, पुन्हा चढते आणि २,८५० मीटरवरच्या क्विटोत येते. हा आकडा वाचून सोडून देऊ नका. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच जागी तुमचं हॉटेल आहे. इथल्या प्रत्येक श्वासात मुंबईच्या मानाने पाऊणपटीहूनही थोडा कमी प्राणवायू मिळतो. जिन्याचे दोन मजले चढलात की छाती धपापते. पहिल्या रात्री झोप तुटक लागते, डोकं जड होतं, तोंडाला कोरड पडते. शरीराला सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यावर जिद्दीचा काही उपाय नाही. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या तरुणालाही इथे पहिल्या दिवशी चढावर थांबावं लागतं.

म्हणून परिषदेचे आयोजक काहीही सांगोत, शक्य असेल तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पोहोचा. भारतातून थेट विमान नाही. अॅमस्टरडॅम किंवा माद्रिदमार्गे येणं सोपं पडतं, कारण अमेरिकेमार्गे यायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. घड्याळ साडेदहा तास मागे जातं : क्विटोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. उंची आणि उलटं झालेलं घड्याळ ही दोन ओझी एकाच दिवशी पाठीवर घेऊन कुणी नीट बोलू शकत नाही. पहिल्या दिवशी पाणी भरपूर प्या, जेवण हलकं ठेवा, दारू टाळा, हळू चाला. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. आणि दुपारच्या उन्हाला हलक्यात घेऊ नका. हवा गार असते, घाम येत नाही, त्यामुळे आपण भाजतोय हे कळतच नाही. विरळ हवा आणि डोक्यावर आलेला सूर्य मिळून अर्ध्या तासात कान-नाक लाल करतात. टोपी आणि मलम ही इथे चैन नाही.

उंचीचा हिशेब स्वयंपाकघरातही चुकत नाही. पाणी इथे नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ-भात शिजवायला घेतलात तर वेळ लागतो, आणि चहाला आपल्याकडचा कडकपणा येत नाही. इथल्या जेवणात मंद आचेवर तासन्‌तास रटरटणारी सूपं इतकी का, याचं निदान एक कारण त्या भांड्यात आहे.

शहराचा आकार कळायला नकाशा हवाच असं नाही, पश्चिमेकडे मान वळवली की पुरे. तिकडे पिचिंचा हा ज्वालामुखी आहे. त्याची दोन शिखरं : किच्वा भाषेत रुकू म्हणजे म्हातारा आणि वावा म्हणजे लेकरू. म्हातारा शांत आहे. लेकरू, ४,७८४ मीटर उंचीचं, ऑक्टोबर १९९९ मध्ये उठलं आणि शहरावर राखेचा थर पसरला. पश्चिमेला हा डोंगर आणि पूर्वेला दरीचा कडा, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर शहर उत्तर-दक्षिण लांबत गेलं आहे. लांबी चाळीस किलोमीटरच्या घरात, रुंदी काही ठिकाणी पाच-सहा किलोमीटरसुद्धा नाही. त्यामुळे रस्ता विचारलात तर उत्तर ‘उत्तरेला’ किंवा ‘दक्षिणेला’ असंच मिळतं. साधारणपणे दक्षिणेला कष्टकऱ्यांच्या वस्त्या, उत्तरेला बँका, दूतावास आणि बागा, आणि मध्ये जुनं शहर. डोंगरातून उतरणाऱ्या घळी शहराला आडव्या कापत गेल्या होत्या. पूर्वजांनी त्यातल्या बऱ्याच बुजवून त्यांच्यावर रस्ते आणि चौक केले. जुन्या शहरातला ‘२४ मे’ नावाचा रुंद रस्ता अशाच एका बुजवलेल्या घळीवर आहे. पाणी मात्र आपली वाट विसरत नाही, आणि जोराच्या पावसात या शहराला त्याची किंमत मोजावी लागते.

अशा लांबट शहराला भुयारी रेल्वे हवीच होती. ती डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली : एकच मार्ग, बावीस किलोमीटरच्या वर लांबी, पंधरा स्थानकं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास. उत्तरेचं टोक एल लाब्रादोर. इथेच २०१३ पर्यंत शहराचा जुना विमानतळ होता. चहूबाजूंनी घरं, आणि घरांच्या गच्च्यांवरून विमानं धावपट्टीवर उतरायची. ती बंद झाल्यावर धावपट्टीची बाग झाली. आज त्या लांबलचक काळ्या पट्ट्यावर मुलं सायकली चालवतात. तिच्याच कडेला महानगराचं नवं परिषद-केंद्र उभं आहे, त्यामुळे तुमची परिषद तिथे असण्याची शक्यता मोठी. ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांची घरं आणि शहरांवरची ‘हॅबिटॅट ३’ परिषद क्विटोत झाली, ती मात्र एल एहिदो बागेशेजारच्या ‘कासा दे ला कुल्तुरा’ या १९४४ साली स्थापन झालेल्या संस्थेत. जगभरातून हजारो लोक आले होते आणि ‘नवा नागरी कार्यक्रम’ नावाचा जाहीरनामा तिथे संमत झाला. शहरांविषयी बोलायला क्विटोइतकी शिकवणारी जागा थोडी असेल.

जुन्या शहरासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. समारोपानंतर विमान पकडायच्या आधीचे दोन तास पुरत नाहीत. भुयारी रेल्वेचं जुन्या शहरात एकच स्थानक आहे, सान फ्रान्सिस्को. सरकत्या जिन्याने वर आलात की समोर दगडी उतरता चौक आणि त्याच्या वरच्या अंगाला पांढरंशुभ्र, दोन मनोऱ्यांचं, शहराएवढंच जुनं मठ-मंदिर. स्पॅनिशांनी क्विटोची स्थापना केली ६ डिसेंबर १५३४ रोजी, सेबास्तियान दे बेनाल्कासारच्या हातून. पण त्याच्या आधी इथे इंकांचं शहर होतं, त्याच्याही आधी कितू लोकांची वस्ती होती, आणि त्यांच्यावरूनच शहराला नाव पडलं. स्पॅनिश फौज येतेय हे कळल्यावर इंकांचा सेनापती रुमिन्यावी याने शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून शहर स्वतःच जाळलं. म्हणून इंकांची वास्तू म्हणावी असं आज क्विटोत फारसं काही दिसत नाही. जे दिसतं ते त्या राखेवर उभारलेलं आहे, आणि उभारणारे हात बहुतेक स्थानिकांचेच होते.

ही गोष्ट सान फ्रान्सिस्कोत नीट उमगते. हा मठ योदोको रिके या फ्लँडर्सहून आलेल्या साधूने सुरू केला. क्विटोत पहिला गहू त्याने पेरला असं सांगतात. साधूंनी इथल्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिथे लाकूडकाम, चित्रकला, संगीत शिकवलं. त्या शिकवणीतून पुढच्या दोनशे वर्षांत ‘क्विटो शैली’ म्हणून ओळखली जाणारी मोठी कलापरंपरा वाढली. युरोपातल्या मूर्तींचे नमुने इथे आले आणि इथल्या हातांनी त्यांचं काहीतरी निराळंच केलं. मूर्तीच्या चेहऱ्यावरचा रंग घासून-घासून असा तकतकीत करायचा की लाकडाला कातडीची ऊब यावी, हे या कारागिरांचं खास कसब. सान फ्रान्सिस्कोच्या मुख्य वेदीवर बेर्नार्दो दे लेगार्दाने १७३४ साली केलेली मरियमेची मूर्ती आहे. ती बघायला वेळ काढा. मरियमेला पंख आहेत, एक हात वर उचललेला आहे, कमरेत किंचित लचक आहे आणि पायाखाली साप. नुसती उभी असलेली मरियम जगभर आहे. ही नाचता नाचता थांबल्यासारखी वाटते. हीच मूर्ती मोठी करून १९७५ साली शहरामधल्या पानेसियो टेकडीवर अॅल्युमिनिअमच्या हजारो तुकड्यांतून उभारली, ती क्विटोत बऱ्याच ठिकाणांहून दिसते. पण मोठ्या मूर्तीत ती लचक जड झाली आहे, आणि माझं मत विचाराल तर पाहायची ती लेगार्दाच्या हाताची लहानच. लेगार्दाच्याच शतकातला कास्पिकारा, मूळ नाव मान्युएल चिली, हा जन्माने आदिवासी शिल्पकार होता. त्याच्या मूर्ती पाहिल्यावर ‘वसाहतीची कला’ हा शब्द उच्चारताना आपण अडखळतो.

सान फ्रान्सिस्कोहून दोन मिनिटांवर जेझुइट साधूंचं ला कोम्पान्यिया हे चर्च. बाहेरचा दर्शनी भाग राखाडी ज्वालामुखी दगडात कोरलेला, आणि आत गेलात की भिंती, खांब, छत, सगळ्यावर सोन्याचा वर्ख. बांधकाम १६०५ मध्ये सुरू झालं आणि १७६५ मध्ये पुरं झालं, म्हणजे एकशे साठ वर्षं. आणि दोनच वर्षांनी, १७६७ मध्ये, स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकलून दिलं. आत उभं राहून मान वर करून पाहिलं की खांबांवरची भौमितिक नक्षी अरबी वळणाची दिसते. मुसलमान कारागिरांची ती परंपरा स्पेनमार्गे अँडीजच्या डोंगरात आली. ज्यांना बीदर आणि विजापूरच्या भिंती ठाऊक आहेत, त्यांची नजर इथे ओळखीच्या ठिकाणी अडकते.

१९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिलीवहिली यादी केली. तिच्यात जेमतेम बारा स्थळं होती, आणि अख्खी जुनी शहरं म्हणून दोनच : पोलंडमधलं क्राकूव्ह आणि क्विटो. आपली अजिंठा-वेरूळची लेणी त्या यादीत आली ती पाच वर्षांनी, १९८३ मध्ये. क्विटोला हा मान मिळाला तो एखाद्या भव्य इमारतीसाठी नाही, तर भूकंपांनी हादरूनही त्याचं जुनं गावपण एकसंध टिकलं म्हणून. मातीच्या विटांच्या जाड भिंती, आत चौक, चौकात फुलझाडं. आपल्याकडच्या वाड्याची सवय असलेल्या माणसाला दिंडी दरवाजातून आत डोकावल्यावर परकं वाटत नाही.

मुख्य चौकाला सगळे प्लासा ग्रांदे म्हणतात. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा कारोन्देलेत राजवाडा आहे आणि त्याच्या तळमजल्यावर छोटी-छोटी दुकानं आहेत. दुसऱ्या बाजूला कॅथेड्रल. १० ऑगस्ट १८०९ रोजी इथल्या लोकांनी स्पॅनिश अधिकाऱ्याला बाजूला सारून स्वतःचं शासनमंडळ बसवलं. वर्षभरात, २ ऑगस्ट १८१० रोजी, तुरुंगात टाकलेल्या त्या पुढाऱ्यांची कत्तल झाली. या सगळ्याची मशागत करणारा माणूस तोवर हयात नव्हता : एउहेन्यो एस्पेहो. आदिवासी बापाचा मुलगा, डॉक्टर झाला, १७८५ मध्ये देवीच्या साथीवर ग्रंथ लिहिला, आणि १७९२ मध्ये क्विटोचं पहिलं वर्तमानपत्र काढलं. सत्तेने त्याला तुरुंगात टाकलं आणि १७९५ मध्ये तो गेला. विद्येच्या कामासाठी या शहरात येणाऱ्या प्रत्येकाने हे नाव बरोबर घेऊन जावं. प्रत्यक्ष स्वातंत्र्य मिळालं ते २४ मे १८२२ रोजी, पिचिंचाच्या उतारावर, तीन हजार मीटरच्या वर झालेल्या लढाईत. जिथे आपल्याला जिना चढवत नाही, तिथे ही माणसं लढली. जिंकणारा सेनापती सुक्रे आज कॅथेड्रलमध्ये चिरविश्रांती घेतो आहे. त्याच चौकात, राजवाड्याच्या दारात, ६ ऑगस्ट १८७५ रोजी राष्ट्राध्यक्ष गार्सिया मोरेनो यांचा खून झाला.

सुक्रेचं नाव देशाच्या चलनालाही होतं. नव्वदीच्या अखेरीस बँका बुडाल्या, सुक्रेची किंमत मातीमोल झाली, आणि २००० साली पंचवीस हजार सुक्रेला एक डॉलर या दराने देशाने स्वतःचं चलनच मोडीत काढलं. तेव्हापासून इक्वेडोरमध्ये अमेरिकी डॉलर चालतो. पाहुण्याला हे सोयीचं आहे, पण ज्यांची आयुष्यभराची बचत त्या वेळी विरघळली, त्यांच्यासाठी ही सोय नव्हती, आणि हा विषय वयस्कर माणसांसमोर जपून काढावा. जवळ पाच, दहा, फार तर वीसच्या नोटा ठेवा. पन्नास-शंभरची नोट दुकानदार बहुधा घेत नाही.

परिषदेतले सगळे एखाद्या दुपारी विषुववृत्ताला जातातच. शहराच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर ‘मिताद देल मुंदो’, म्हणजे जगाचा मध्य, असं तीस मीटर उंच स्मारक आहे, आणि त्याच्या पायथ्याशी आखलेल्या पिवळ्या रेषेवर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून फोटो काढायची पद्धत आहे. आजच्या उपग्रहांनी मोजलेलं विषुववृत्त त्या रेषेच्या उत्तरेला सुमारे २४० मीटरवरून जातं. अठराव्या शतकात दांड्या आणि दुर्बिणी घेऊन केलेल्या कामाच्या परंपरेत एवढा फरक मला तरी कौतुकाचा वाटतो. जवळपास कुठे कुणी पाण्याची बेसिन ठेवून रेषेच्या एका बाजूला पाणी डावीकडून आणि दुसऱ्या बाजूला उजवीकडून फिरतं असं दाखवेल. त्यावर विश्वास ठेवू नका. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वादळांवर होतो, बादलीभर पाण्यावर तो जाणवत नाही. तिथे पाणी कसं ओतलं यावर सगळं ठरतं.

खरी नवलाई आकाशात आहे. वर्षभर सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो, आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, दिवा विझवल्यासारखा अंधार पडतो. मुंबई-पुण्यात आपण मे आणि जुलैमध्ये शून्य सावलीचा दिवस पाहायला गच्चीवर जातो. इथे तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास येतो. रात्री ढग नसतील तर उत्तरेला सप्तर्षी आणि दक्षिणेला त्रिशंकू एकाच आभाळात दिसू शकतात. पण सप्तर्षींच्या बोटाने ध्रुव शोधायला गेलात तर तो सापडत नाही. तो क्षितिजाला टेकून, डोंगराआड गेलेला असतो.

पृथ्वी मोजायला आलेल्या त्या फ्रेंच मोहिमेचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. ला कोंदामीनने देशाच्या दक्षिणेतल्या लोहा भागात जाऊन हिवतापावर चालणाऱ्या सालीचं झाड पाहिलं आणि त्याचं शास्त्रशुद्ध वर्णन केलं. ते झाड म्हणजे सिंकोना, क्विनाइनचं झाड. पुढे १८६० मध्ये रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने चिंबोरासो पर्वताच्या पश्चिम उतारावरून त्याचं बी आणि रोपं गोळा केली आणि ती निलगिरीच्या डोंगरात आली. महाबळेश्वरला लिंगमळ्यातही त्या शतकात सिंकोना लावून पाहिला होता, तो तिथे टिकला नाही. ज्या झाडाने हिंदुस्थानातल्या लक्षावधी तापकऱ्यांना हात दिला, त्याचं मूळ घर हा डोंगराळ देश आहे. तेच चिंबोरासो शिखर, ६,२६३ मीटर, हिमालयाची मोजणी होईपर्यंत जगातलं सर्वांत उंच मानलं जाई. आणि पृथ्वी मध्यावर फुगलेली असल्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेली जागा आजही तेच आहे, एव्हरेस्ट नाही.

आपलं स्वयंपाकघरही या खंडाचं ऋणी आहे. बटाटा, मिरची, टोमॅटो, शेंगदाणा, मका, सगळं अमेरिकेतून आलं, आणि एका फळाचं आपलं नाव तर शेजारच्या देशाच्या नावासारखंच आहे : ‘पेरू’. म्हणून क्विटोच्या बाजारात मराठी माणूस पाहुणा असूनही माहेरी आल्यासारखा फिरतो. जेवणात ‘लोक्रो’ मागा : बटाट्याचं दाट सूप, वर पांढरं चीज आणि अॅव्होकॅडोच्या फोडी. ‘यापिन्गाचो’ म्हणजे चीज भरून तव्यावर खरपूस भाजलेल्या बटाट्याच्या टिक्क्या. ओला मका वाटून मक्याच्याच पानात उकडलेली ‘उमिता’ आपल्या पानगीची आठवण करून देते. टेबलावर ‘आही’ नावाची मिरचीची चटणी असतेच. बऱ्याचदा ती झाडावरच्या टोमॅटोच्या, म्हणजे ‘तोमाते दे आर्बोल’च्या आंबटसर गरात वाटलेली असते. शाकाहारी माणसाने मात्र नीट विचारून घ्यावं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. दुपारी साध्या खाणावळीत ‘आल्मुएर्सो’ मिळतं : सूप, भाताबरोबर एक पदार्थ आणि फळाचा रस. हॉटेलच्या महागड्या जेवणापेक्षा ते केव्हाही बरं. पवित्र आठवड्याच्या सुमारास गेलात तर ‘फानेस्का’ चाखून पाहा. बारा प्रकारची धान्यं-कडधान्यं आणि खारवलेला मासा घालून केलेलं हे सूप वर्षातून त्याच दिवसांत होतं, आणि घराघरांत त्यावर आपलंच बरोबर असा वाद असतो. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, जांभळी, दाट ‘कोलादा मोरादा’ आणि बाळाच्या आकाराचे पाव करतात. गेलेल्यांच्या आठवणीत सगळं घर एकत्र बसून ते खातं.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो, पण त्या महत्त्वाच्या आहेत. गेल्या काही वर्षांत इक्वेडोरमध्ये अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे हिंसा वाढली आहे. झळ मुख्यतः किनाऱ्यावरच्या शहरांना बसते, तरी ऑगस्ट २०२३ मध्ये क्विटोतच राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराची हत्या झाली. निघण्याआधी ताज्या सूचना वाचा. अंधार पडल्यावर जुन्या शहरात एकटे भटकू नका, पानेसियोवर पायऱ्यांनी चढू नका, टॅक्सीनेच जा, फोन हातात नाचवत चालू नका. पिचिंचाच्या उतारावर चार हजार मीटरच्या आसपास नेणारी केबलगाडी आहे. तिथे पहिल्या दोन दिवसांत जाऊ नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी लवकर जा. दुपारी बहुधा ढग येतात. विजेची सॉकेट अमेरिकी धाटणीची चपट्या दोन पट्ट्यांची, दाब आपल्या निम्मा. आणि इक्वेडोरहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं पिवळं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य धरतात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

एक दुपार ओस्वाल्दो ग्वायासामीनसाठी काढावी. १९१९ ते १९९९ असं त्याचं आयुष्य. क्विटोतल्या गरीब आदिवासी बापाच्या पोटी जन्मलेला हा चित्रकार. बेयाविस्ताच्या टेकडीवर त्याचं घर आहे आणि शेजारी त्याने कल्पिलेलं ‘माणसाचं प्रार्थनामंदिर’, जे त्याच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये उघडलं. आत देव नाही. खाणीत मेलेले मजूर, रडणाऱ्या आया आणि हात आहेत. हाडं दिसणारे, प्रचंड, चेहऱ्याहून बोलके हात. चित्रकाराच्या अस्थी बागेतल्या झाडाखाली मातीच्या भांड्यात पुरल्या आहेत. तिथून बाहेर पडलात की फुलझाडांवर हमिंगबर्ड दिसतात. आपल्या बागेतल्या शिंजिरासारखे चमकदार, पण हवेत एका जागी थांबून मध ओढणारे. हा पक्षी या दोन अमेरिका सोडून जगात कुठेही नाही.

शेवटी भाषेबद्दल. क्विटोची स्पॅनिश संथ आणि मृदू आहे. दुकानात शिरताना आधी ‘ब्वेनोस दियास’ म्हणायचं, मग काम सांगायचं. तसं न करणं उद्धटपणाचं मानतात. कृपया म्हणायला ‘नो सेया मालितो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘वाईटपणा करू नका ना’. थंडी वाजली की तोंडातून ‘अचाचाय!’ निघतं, तो किच्वा शब्द. पण मला सगळ्यात आवडते ती इथली क्रियापदाची एक रचना. स्पेनमध्ये ‘आण’ म्हणायला साधं ‘त्राये’ पुरतं. क्विटोत म्हणतात ‘दामे त्रायेंदो’. माद्रिदच्या माणसाला हे ऐकून काही कळत नाही, कारण त्याला ते ‘मला आणत दे’ असं ऐकू येतं. ही रचना किच्वातून स्पॅनिशमध्ये शिरली आहे. आपल्याला मात्र ती समजावून सांगावी लागत नाही : आणून दे. ‘दामे आसियेंदो’, करून दे. ‘दामे कोम्प्रांदो’, विकत घेऊन दे. परिषदेच्या मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलाशी गरम ‘येर्बा लुइसा’ मिळते. वास आला की ओळखू येईल, तो आपला गवती चहाच आहे. तिथल्या बाईंना म्हणून पाहा : नो सेया मालिता, आणून द्या.